स्थगितीचा अवकाश : सिंदखेडराजा, लोणार आणि जुन्या गावठाणाचा प्रश्न

बुलढाणा जिल्ह्यातील देवळे, मशिदी, समाध्या आणि बारवा यांची नोंद गेल्या सव्वाशे वर्षांत बऱ्यापैकी झाली आहे. परंतु ज्या गावठाणाच्या कुशीत या वास्तू उभ्या राहिल्या, ते गावठाण, त्याच्या वेशी, पेठा, पाण्याच्या वाटा आणि पांढऱ्या मातीचे वाडे यांची नोंद कोणी सलगपणे केलेली नाही. या दोन गोष्टींतील अंतर समजून घेतल्याशिवाय जुन्या वस्तीतील बांधकाम काही काळ थांबवण्याच्या उपायाचे महत्त्व लक्षात येत नाही. नगररचनेत हा उपाय विकासाची तात्पुरती स्थगिती म्हणून ओळखला जातो : एखाद्या ऐतिहासिक भागात नवी परवानगी देणे ठरावीक मुदतीपुरते रोखायचे, त्या मुदतीत भागाची पाहणी करून जतनाचा आराखडा तयार करायचा आणि नंतर त्या आराखड्याच्या चौकटीत बांधकामाला पुन्हा वाट मोकळी करायची. बंदी आणि स्थगिती यांत फरक आहे तो मुदतीचा आणि त्या मुदतीत करावयाच्या कामाचा, आणि या जिल्ह्याच्या वाट्याला बंदी आली असली तरी स्थगिती जवळजवळ आलेलीच नाही.

याची मुळे वसाहतकाळात आहेत. १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला, १८६४ मध्ये या भागाचा स्वतंत्र जिल्हा झाला आणि पुढे महसुली मोजणीबरोबर पुराणवस्तूंची मोजणीही सुरू झाली. पुरातत्त्व खात्यातील हेन्री कझिन्स यांनी १८९७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि १९३१ मध्ये दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवर ग्रंथ लिहिला, ज्यात लोणारच्या मंदिरांना स्थान मिळाले. हे काम मोलाचे होते, आणि आजही या भागाचा अभ्यास त्याला वळसा घालून करता येत नाही. पण यादीची पद्धतच अशी की प्रत्येक नोंद एका वास्तूची असते. १९०४ च्या प्राचीन स्मारक संरक्षण कायद्याने हीच पद्धत कायद्यात आणली आणि ‘संरक्षित स्मारक’ ही संज्ञा रूढ केली. १९५८ चा केंद्रीय कायदा आणि १९६० चा महाराष्ट्राचा कायदा यांनी तीच पुढे चालवली. लोणार, मेहकर, कोथळी, सातगाव भुसारी, साकेगाव आणि रोहिणखेड ही नावे अशा रीतीने सरकारी दप्तरात आली ती गावे म्हणून नव्हे, तर प्रत्येक गावातील एखाद-दुसरी दगडी इमारत म्हणून.

सिंदखेडराजा हे मात्र असे गाव आहे की जिथे एक इमारत सुटी काढून पाहताच येत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस निजामशाहीतील मातब्बर सरदार लखुजी जाधवराव यांनी येथे आपले ठाणे वसवले; परंपरेने ज्याची तारीख १२ जानेवारी १५९८ मानली जाते तो त्यांच्या कन्या जिजाबाईंचा जन्म येथील राजवाड्यातला, आणि त्यांच्या मातोश्रींच्या नावाने ओळखला जाणारा म्हाळसा महाल आजही दाखवला जातो. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे दोन पुत्र आणि एक नातू यांची हत्या झाली, आणि त्यांची समाधी सिंदखेडलाच बांधली गेली. या दोन घटनांच्या दरम्यान उभे राहिलेले गाव एका विचाराने रचलेले दिसते. भव्य दरवाज्याचा राजवाडा आणि रंगमहाल हे सत्तेचे केंद्र. रुंद, काळ्या दगडाच्या भिंतींचा काळाकोट ही संरक्षणाची तयारी. सावकारवाडा ही पेठेतल्या पैशाची खूण. नीलकंठेश्वर आणि रामेश्वर ही धर्मस्थाने. आणि या सर्वांना जगवणारी मोती तलाव, मध्यभागी बहुमजली वास्तू असलेला चांदणी तलाव व पुतळा बारव ही पाण्याची व्यवस्था. बारव म्हणजे पायऱ्यांनी खाली उतरता येणारी विहीर, आणि पुतळा बारवेचे नाव तिच्या भिंतींवर कोरलेल्या मूर्तींवरून पडले आहे. तलावापासून बारवेपर्यंत आणि बारवेपासून वाड्यापर्यंतच्या जागेत आज काय उभे राहते, यावर या सगळ्या रचनेचा अर्थ अवलंबून आहे. मधली जागा काँक्रिटने भरून गेली की प्रत्येक वास्तू शाबूत राहूनही गाव वाचता येईनासे होते.

या गावाच्या पोटात अजून काय आहे, याचा दाखला २०२४ च्या जून महिन्यात मिळाला. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाकडून लखुजी जाधवरावांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना परिसरात काही दगड उघडे पडले. काम करणाऱ्यांनी ते राडारोडा समजून उचलून टाकले नाहीत, तर जतनाचे काम बाजूला ठेवून रीतसर उत्खनन हाती घेतले. त्यातून मंदिराचा पाया आणि सभामंडप हाती लागला, आणि जमिनीखाली सुमारे सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूचे शिल्प आढळले : लांबी सुमारे १.७० मीटर, उंची सुमारे एक मीटर, दगड क्लोराइट शिस्ट जातीचा, म्हणजे कोरीव कामाला मऊ पडणारा, हिरवट झाक असलेला रूपांतरित खडक. शेषाच्या वेटोळ्यांवर पहुडलेला विष्णू, त्याचे पाय चेपणारी लक्ष्मी आणि पट्टीवर समुद्रमंथनाचा प्रसंग, ज्यात मंथनातून निघालेले अश्व आणि ऐरावतही ओळखता येतात. वऱ्हाडातील बहुतेक मंदिरे ज्या काळ्या बेसाल्टची आहेत त्यात अशी नजाकत आणणे अवघड, त्यामुळे हा दगड आणि त्यावर हात चालवणारे कारागीर कोठून आले असतील, हा प्रश्न अभ्यासकांना दीर्घकाळ पुरेल. इथे महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. जाधवरावांचे गाव ज्या भूमीवर वसले ती रिकामी नव्हती. तिच्याखाली कित्येक शतके जुनी वस्ती होती, आणि हे कळले ते हाती घेतलेले काम वेळेवर थांबवले म्हणून. त्याच जागी एखाद्या घराच्या पायाचे खड्डे यंत्राने घेतले जात असते तर ते यंत्र थांबवण्याचा अधिकार कोणाला आणि किती दिवसांचा असता, याचे उत्तर गावातील कोणत्याही नियमावलीत सहज सापडत नाही.

जमिनीतून निघालेल्या मूर्तीभोवती गावाचे भवितव्य फिरल्याचे उदाहरण जिल्ह्याला नवे नाही. मेहकरला १८८८ मध्ये जमिनीखालून शार्ङ्गधर बालाजीची भव्य मूर्ती निघाली, आणि सरकार ती नेईल या धास्तीने गावकऱ्यांनी तातडीने तिची प्रतिष्ठापना केली, असे सांगितले जाते. त्या काळी वस्तू गावात ठेवण्याचा एकच मार्ग लोकांच्या हाती होता, तो म्हणजे तिला पूजेत आणणे.

लोणारची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे निसर्गाचा वारसा आणि गावाचा वारसा एकमेकांना खेटून आहेत. बेसाल्ट खडकात उल्केच्या आघाताने झालेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याच्या नोंदीतून युरोपीय अभ्यासकांपुढे आले. ते ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद दीर्घकाळ चालला आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने आघाताच्या बाजूने निर्णायक पुरावा दिला. स्थानिक लोकांना त्या वादाची गरज नव्हती. लवणासुराचा वध करणाऱ्या दैत्यसूदन विष्णूची कथा, सरोवराच्या क्षारांवर चालणारा व्यापार आणि धारेवरचे, म्हणजे काठच्या झऱ्यावरचे, स्नान यांतून विवर त्यांच्या जगण्यात केव्हाच आले होते. सरोवराच्या काठची देवळे, धारेचा परिसर, गावातील लिंबी बारव आणि भर वस्तीत उंच जोत्यावर उभे असलेले, ताऱ्याच्या आकाराच्या तलविन्यासाचे दैत्यसूदन मंदिर ही एकाच तीर्थाची अंगे आहेत. १९७९ मध्ये विवर राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरले, २००० मध्ये अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेले. सांडपाणी, वेडी बाभूळ आणि अतिक्रमण यांवरून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका चालल्या. या सर्व व्यवस्थेत केंद्रस्थानी राहिले ते सरोवर. काठावरचे गाव तक्रारीचे कारण म्हणून कागदावर आले, वारसा म्हणून क्वचितच.

गावावर प्रत्यक्ष परिणाम करणारा नियम निराळाच आहे. १६ जून १९९२ च्या केंद्रीय अधिसूचनेने प्रत्येक संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र ठरवले, आणि २०१० च्या दुरुस्ती कायद्याने त्याला अधिक कडक रूप दिले. प्रतिबंधित क्षेत्रात नवे बांधकाम पूर्णपणे बंद. १९९२ पूर्वीच्या घराची दुरुस्तीही सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीनेच. हा नियम नसता तर लोणारची देवळे एव्हाना इमारतींच्या मागे दिसेनाशी झाली असती, यात शंका घेण्याचे कारण नाही. तरीही त्याचे गणित पाहण्यासारखे आहे. स्मारक हा निव्वळ एक बिंदू धरला तरी ३०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ सुमारे २८ हेक्टरांचे होते, आणि विदर्भातील मध्यम आकाराच्या गावाची जुनी वस्ती एवढ्या क्षेत्रात सहज मावते. जिथे अनेक स्मारके जवळजवळ आहेत तिथे ही वर्तुळे एकमेकांत शिरतात. वर्तुळाच्या आत राहणाऱ्या कुटुंबाला मातीची भिंत खचली तर अर्ज करावा लागतो, आणि वर्तुळाबाहेरचा शंभर-दीडशे वर्षांचा सागवानी चौकाचा वाडा मात्र कोणालाही न विचारता पाडता येतो, कारण तो कोणत्याच यादीत नाही. २०१० च्या कायद्याने यावर उपायही सुचवला होता : प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या परिसराचा अभ्यास करून स्वतंत्र वारसा-उपविधी करावेत, म्हणजे इमारतीची उंची, दर्शनी भाग, साहित्य, गटारे आणि रस्ते यांचे स्थानिक नियम ठरावेत. देशात केंद्र-संरक्षित स्मारके ३६०० हून अधिक, आणि उपविधींचे काम अत्यंत संथ. त्यामुळे जी बंदी अभ्यासाच्या काळापुरती हवी होती ती अभ्यासाविना कायमची होऊन बसली. अशा बंदीने वारशाविषयी लोकांच्या मनात आपलेपणाऐवजी धास्ती निर्माण होते, आणि ही हानी ढासळलेल्या कमानीपेक्षा कमी नाही.

मुदतीची स्थगिती कशी असते, याचा नमुना फ्रान्सने ४ ऑगस्ट १९६२ च्या कायद्यात घालून दिला. तो लेखक व मंत्री आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जातो. शहराचा संपूर्ण जुना भाग संरक्षित विभाग म्हणून घोषित करायचा, त्याचा आराखडा होईपर्यंत बांधकामाच्या अर्जांवरील निर्णय ठरावीक काळ लांबणीवर टाकायचा आणि आराखडा मंजूर झाला की त्यानुसार निर्णय द्यायचा, असे त्याचे तंत्र होते. महाराष्ट्रात मुंबईने १९९५ मध्ये देशातील पहिली वारसा-नियमावली केली आणि एकेका इमारतीबरोबर ‘वारसा परिसर’ ही कल्पना स्वीकारली. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात ऐतिहासिक वास्तू व परिसर यांचे जतन हा विकास योजनेचाच विषय मानलेला आहे. योजना करण्याचा इरादा कलम २३ खाली जाहीर झाला की कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय विकास करता येत नाही. मात्र याच अधिनियमाच्या कलम ४५ नुसार नियमांशी सुसंगत असलेल्या अर्जावर साठ दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असे मानले जाते. अर्जदाराला दिरंगाईपासून वाचवणारी ही तरतूद न्याय्य आहे. पण तिच्यामुळे नगर परिषदेला गप्प राहून वेळ मिळवता येत नाही. वेळ हवा असेल तर तो शासनाच्या स्पष्ट आदेशाने, कारण आणि मुदत लिहूनच घ्यावा लागतो, आणि तसे असणेच योग्य आहे.

हा वेळ आता घेण्याची निकड सिंदखेडराजाला सर्वाधिक आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याचा एक उतार सिंदखेडराजाजवळ आहे, आणि जिथे असा उतार येतो तिथे जमिनीचे भाव, उपाहारगृहे, भूखंडांची आखणी हे सारे ओघाने येते. दरवर्षी १२ जानेवारीला लोटणारी गर्दी सोयीही मागते, आणि तिची मागणी रास्त आहे. अडचण अशी की समाधीच्या जतनाचे काम केंद्राच्या खात्याने करायचे, राजवाड्याची देखभाल राज्याच्या पुरातत्त्व विभागाने, बांधकामाची परवानगी नगर परिषदेने द्यायची आणि महामार्गालगतचे नियोजन आणखी वेगळ्याच यंत्रणेने. यांपैकी एकाच्याही टेबलावर संपूर्ण गावाचा नकाशा नाही. दोन वर्षांच्या स्थगितीत करण्याजोगे काम नेमके सांगता येते : मोती तलावाच्या बांधापासून गावापर्यंत पाण्याच्या जुन्या वाटांची मोजणी, काळाकोटाच्या भिंतींची रेषा सध्याच्या सिटी सर्व्हेच्या नकाशावर उतरवणे, उभ्या असलेल्या प्रत्येक वाड्याची आणि बारवेची मालकासह नोंद, समाधीच्या सभोवार जिथे मंदिराचे अवशेष असण्याचा संभव आहे तिथे पाया खोदण्यापूर्वी चाचणी-खड्डे, आणि जुन्या घरात राहणाऱ्यांना गळते छप्पर, खचलेली भिंत व शौचालय यांसाठी एका खिडकीवर, स्थगितीच्या काळातही, चालू राहणारी दुरुस्तीची परवानगी. यांतील शेवटचे काम पहिल्या दिवशी सुरू झाले नाही तर उरलेल्या मोजणीला लोक दारात उभे करणार नाहीत, आणि त्यांच्या घरातील जुने कागद, तळघरे आणि विहिरी यांच्याशिवाय ती मोजणी पूर्ण होणार नाही.