अक्षर नसलेली पाटी

मालवणच्या बाजारपेठेतून तुम्ही दांडी किनाऱ्याच्या वाटेला लागता आणि दोन्ही बाजूंनी पाट्या सुरू होतात. 'घरगुती मालवणी जेवण मिळेल.' 'राहण्याची उत्तम सोय.' 'स्कूबा डायव्हिंग, स्नॉर्कलिंग, डॉल्फिन दर्शन.' एका माडाला तारेने बांधलेल्या पत्र्यावर हाताने रंगवलंय, 'वर नारळ आहेत, खाली गाडी लावू नये.' पुढच्या गडग्यावर एकाच फळीवर कोकम आगळ, खाजे, उकडे तांदूळ आणि मोबाइल रिचार्ज. वाळूत ओढून ठेवलेल्या होड्यांवर देवांची नावं. या पाट्या नीट वाचल्या की वाडी काय खाते, काय विकते आणि कुणाच्या भरवशावर दर्यात उतरते, एवढं सगळं कळतं.

बेड्यापाशी सुकट वाळत घालणारी आजी तुम्हाला हटकते, "खंय चललात?"

"मोरयाचा धोंडा बघायचाय."

"ह्या वाटेन सरळ जावा. दर्याकडे गावतलो."

आणि तो गावतो. काळसर खडकावर कोरलेला गणपती, शिवलिंग, नंदी, पादुका आणि सूर्य-चंद्र. खाऱ्या वाऱ्याने कडा बोथट झाल्यात. सकाळचं तिरपं ऊन पडलं की आकार उठून दिसतात, भर दुपारी चटकन ओळखू येत नाहीत. अक्षर एकही नाही. जुन्या दानलेखांवर सूर्य-चंद्र अनेकदा असतात. ते आकाशात आहेत तोवर दिलेला शब्द राहील, असा त्यांचा अर्थ. वाटेतल्या साऱ्या पाट्या हंगामापुरत्या आहेत. ही मात्र तेवढ्या मुदतीची आहे.

धोंड्याकडे पाठ करून समोर बघा. आता कल्पना करा, तारीख 25 नोव्हेंबर 1664. समोर किल्ला नाही. खडकाळ, ओसाड कुरटे बेट आहे, चहूबाजूंनी लाटा फुटतायत. तुमच्या आजूबाजूला मात्र गर्दी आहे. याच वर्षी जानेवारीत सुरत लुटली गेली, त्या पैशाचं बळ आज इथे मुहूर्त होणाऱ्या किल्ल्याच्या कामामागे आहे. उत्तरेला जंजिऱ्याचा सिद्दी, दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, जवळच वेंगुर्ल्यात डचांची वखार. समुद्रावर हुकूम चालवायचा तर समुद्रातच पाय रोवायला हवा, हे शिवाजी महाराजांनी ओळखलंय. ते स्वतः इथे आलेत. मंत्र ऐकू येतात, नारळ फुटतो, धूर डोळ्यांत जातो. पूजा सरते आणि पाथरवट, लोहार, कोळी कामाला भिडतात. पायाच्या दगडांत शिसं ओतलं, असं सांगतात. खाऱ्या पाण्याच्या मधोमध त्या बेटावर गोडं पाणी लागतं. दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना आजही पाणी आहे. तीन वर्षांत किल्ला उभा राहतो आणि त्याला नाव मिळतं सिंधुदुर्ग.

तुम्ही तिथेच उभे राहा. 1695 उजाडतं. रायगड पडून सहा वर्षं झालीत, राजाराम महाराज जिंजीत आहेत, आणि अशा वेळी किल्ल्यात शिवराजेश्वराचं मंदिर उभं राहतं. स्वराज्याच्या सर्वात बिकट काळात थोरल्या महाराजांची मूर्ती स्थापावीशी वाटली, ती या समुद्रातल्या किल्ल्यात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. महाराजांच्या हाताचा आणि पायाचा चुन्यातला ठसा तटातल्या घुमट्यांखाली इथले लोक आजही जपून आहेत.

आता 1765. तटावर इंग्रजांचं निशाण आहे आणि किल्ल्याला त्यांनी नवं नाव दिलंय, फोर्ट ऑगस्टस. हे नाव दांडीवर कुणाच्या तोंडी राहिलं नाही. किल्ला कोल्हापूरच्या छत्रपतींकडे परत आला. 1812 च्या तहात मालवण पुन्हा इंग्रजांकडे गेलं, तरी ऑगस्टस काही परतला नाही. उलट 1 मे 1981 ला रत्नागिरीतून नवा जिल्हा वेगळा काढला तेव्हा त्याला नाव दिलं ते किल्ल्याचं. तेव्हापासून तलाठी कार्यालयापासून सरकारी दवाखान्यापर्यंत प्रत्येक पाटीवर सिंधुदुर्ग आहे. कुरटे बेटावरचा शब्द असा सावंतवाडी, कणकवली, दोडामार्गपर्यंत पोचला.

आजच्या दांडीवर परत या. किल्ल्याच्या होडीसाठी जेटीवर रांग आहे, किनाऱ्यावरच्या राजकोट किल्ल्यावर गर्दी आहे, आणि जिथे या सगळ्याची पहिली पूजा झाली त्या धोंड्यापाशी तुम्ही जवळजवळ एकटे आहात. हे योग्य नाही. तटबंदीसाठी पुरातत्त्व खातं आहे, कायदा आहे. या खडकाला मुख्य आधार वाडीतल्या माणसांच्या श्रद्धेचाच आहे. त्यांनी तो इतकी वर्षं सांभाळला, आता आपणही हातभार लावायला हवा.

म्हणून पुढच्या खेपेला मालवणला याल तेव्हा किल्ल्याच्या तिकिटाआधी दांडीवर या. मुलांना बरोबर आणा आणि सूर्य-चंद्र त्यांना स्वतः शोधू द्या. चपला काढून जवळ जा, खडकावर चढू नका, कोरीव कामाला शेंदूर किंवा रंग लावू नका. आणि वाट विचारायची तर मोबाइलला न विचारता गडग्यापलीकडच्या आजीला विचारा.