पोकर

पोकर : पत्त्यांचा एक पाश्चात्त्य खेळ. बावन्न पानांच्या कॅटाने तो खेळतात. हाती आलेल्या पानांच्या जुळणीवर खेळणारे पैज लावतात. सर्वांत वरचढ जुळणी असणारा किंवा इतर सर्वांनी माघार घेतल्यावर एकटा उरलेला खेळाडू मध्ये जमलेली रक्कम जिंकतो. आपली पाने झाकून ठेवणे आणि प्रसंगी हूल देऊन वरचढ पाने असणाऱ्यास माघार घ्यावयास लावणे, हा या खेळाचा विशेष होय. खेळच गुप्ततेवर आधारलेला असल्यामुळे पाने कोण पिसतो, कोण वाटतो व पैसा कोणाजवळ राहतो, या प्रश्नांना त्यात आरंभापासून महत्त्व आले. पोकरचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचा इतिहास आहे.

उगम व प्रसार : पोकरच्या उगमाविषयी मतभेद आहेत. इराणमधील ‘आस-नास’ या खेळापासून तो निघाला, असे पूर्वी सांगण्यात येई; परंतु त्यास सबळ पुरावा मिळत नाही. फ्रान्समधील ‘पोक’, जर्मनीतील ‘पोख’ आणि इंग्लंडमधील ‘ब्रॅग’ या खेळांशी त्याचे नाते अधिक जवळचे दिसते. आपल्याकडील तीनपत्तीही ब्रॅगच्याच कुळातील आहे. १८०३ मध्ये लुइझियाना प्रदेश फ्रान्सकडून अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे आला. त्यानंतर न्यू ऑर्लीन्समध्ये व मिसिसिपी नदीतील आगबोटींवर हा खेळ रूढ झाला. जोसेफ कौएल या इंग्रज नटाने १८४४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत १८२९ साली आगबोटीवर पाहिलेल्या डावाचे वर्णन केले आहे. त्या काळी एक्का, राजा, राणी, गुलाम व दश्शी अशी वीसच पाने वापरीत आणि चौघे खेळत. पुढे पूर्ण कॅट वापरात आल्याने अधिक जणांना खेळता येऊ लागले, तसेच पाने बदलून घेण्याची सोय आणि एकाच रंगाच्या किंवा ओळीने येणाऱ्या पाच पानांची जुळणी यांची भर पडली. अमेरिकेतील यादवी युद्धानंतर (१८६१–६५) खेळ देशभर पसरला.

लबाडी व संकेत : आगबोटींवरील व्यावसायिक जुगाऱ्यांमुळे पोकरची अपकीर्तीही तितकीच झाली. पूर्वी स्वतः जुगारी असलेल्या जोनाथन ग्रीन याने १८४३ मध्ये जुगारातील लबाड्या उघड करणारे पुस्तक लिहिले. पानांच्या पाठीवर खुणा करणे, आधीच लावून ठेवलेला कॅट बदलून घालणे, दोघांनी संगनमत करून तिसऱ्यास लुबाडणे हे प्रकार सर्रास चालत. जुलै १८३५ मध्ये मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग येथे संतप्त जमावाने पाच जुगाऱ्यांना फाशी दिले. १८८८ च्या सुमारास सॅन फ्रॅन्सिस्कोमध्ये केप्लिंगर नावाच्या जुगाऱ्याने बाहीत पाने दडवून ती गुडघ्यांच्या हालचालीने आतबाहेर करणारे यंत्र बनविले होते. अशा लबाड्यांना आळा घालण्यासाठी काही संकेत रूढ झाले. पिसलेली पाने दुसऱ्याने कापावी, डाव सर्वांच्या नजरेसमोर वाटावा, न खेळणाऱ्याने पाने वाटावी व कॅट वारंवार बदलावा, हे संकेत आजही पाळले जातात.

खेळाची मूलतत्त्वे : पोकरचे अनेक प्रकार असले, तरी आज ‘टेक्सस होल्डेम’ हा सर्वाधिक खेळला जातो. टेक्सस राज्यातील रॉब्सटाउन हे त्याचे जन्मस्थान मानण्यात येते. त्यात प्रत्येकास दोन पाने झाकून मिळतात. वाटणाऱ्याच्या डावीकडील दोघांना पाने पाहण्यापूर्वीच ठराविक रक्कम लावावी लागते. नंतर मध्यभागी प्रथम तीन, मग एक व शेवटी आणखी एक अशी पाच सामाईक पाने उघडी मांडतात. सामाईक पाने उघडण्यापूर्वी एक आणि त्यांच्या प्रत्येक टप्प्यानंतर एक, अशा पैजेच्या चार फेऱ्या होतात. प्रत्येकास आधीच्या पैजेइतकी रक्कम टाकता येते, ती वाढविता येते किंवा पाने टाकून माघार घेता येते. पैज लागलेली नसल्यास काहीही न लावता थांबताही येते. अखेरीस सात पानांतील सर्वोत्तम पाच पानांची तुलना करतात.

जुळण्यांचा उतरता क्रम असा : एकाच रंगाची ओळीने पाच पाने (तीत दश्शी ते एक्का ही सर्वश्रेष्ठ), सारखी चार, तीन सारखी व एक जोडी, एकाच रंगाची पाच, वेगवेगळ्या रंगांची ओळीने पाच, सारखी तीन, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी केवळ मोठे पान. हा क्रम त्यांच्या दुर्मिळतेवरून ठरला आहे. बावन्न पानांतून पाच पाने २५,९८,९६० प्रकारांनी निवडता येतात. त्यांपैकी एकाच रंगाच्या ओळी केवळ ४०, सारख्या चार पानांच्या जुळण्या ६२४, तर एका जोडीच्या १०,९८,२४० असतात. निम्म्याहून थोड्या अधिक वेळा कोणतीच जुळणी होत नाही.

नवख्या खेळाडूने पुढे चालावे की माघार घ्यावी, हे साध्या गणिताने ठरविता येते. समजा, मध्ये १०० रुपये आहेत व प्रतिस्पर्ध्याने आणखी ५० लावले. तेव्हा १५० जिंकण्यासाठी ५० टाकावे लागतात. म्हणजे जिंकण्याचा संभव किमान २५ टक्के असला, तरच पुढे जाणे हिताचे ठरते. हाती व पटावर मिळून बदामाची चार पाने असून एकच पान उघडावयाचे राहिले असेल, तर न दिसलेल्या ४६ पानांत बदामाची ९ पाने असतात व संभव सु. १९·६ टक्के येतो. पुढे आणखी रक्कम मिळण्याची शक्यता नसल्यास येथे पाने टाकणेच शहाणपणाचे होय. जॉन फोन नॉयमान व ओस्कार मोर्गेनश्टेर्न यांनी १९४४ मधील आपल्या ग्रंथात खेळ सिद्धांत मांडताना पोकरचे सुलभ रूप अभ्यासले आणि हूल देणे हा केवळ स्वभावाचा भाग नसून योग्य डावपेचाचा आवश्यक घटक आहे, हे दाखविले.

कॅसिनो व नियमन : नेव्हाडा राज्याने १९३१ मध्ये जुगारास कायदेशीर मान्यता दिली आणि १९५५ मध्ये नियंत्रण मंडळ व १९५९ मध्ये आयोग स्थापून परवाने व तपासणी यांची व्यवस्था केली. लास व्हेगस येथे १९७० मध्ये ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ ही स्पर्धामालिका सुरू झाली. पोकरमध्ये खेळाडू एकमेकांविरुद्ध खेळतात. कॅसिनो केवळ जागा, पाने व वाटणारा पुरवून प्रत्येक डावातून काही हिस्सा घेतो. मराठीत अशा हिश्श्यास ‘नाल’ म्हणतात. त्यामुळे सर्व खेळाडूंची मिळून होणारी प्राप्ती नेहमी वजाच असते. डाव पूर्णपणे निर्मळ असला, तरी बहुसंख्य खेळाडू दीर्घकाळात हरतात, ते याच कारणामुळे.

ऑनलाइन पोकर : १९९८ मध्ये ‘प्लॅनेट पोकर’ या संकेतस्थळावर खऱ्या पैशाचा खेळ सुरू झाला. २००३ मध्ये ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस ऑनलाइन पात्रता-स्पर्धेतून लास व्हेगसला जाऊन २५ लाख डॉलरांचे मुख्य पारितोषिक जिंकला आणि या खेळाची मोठी लाट उसळली. मात्र पाने डोळ्यांसमोर पिसली जाण्याची जुनी हमी येथे नाहीशी झाली. त्यानंतरच्या तीन प्रकरणांतून विश्वासाचे तीन वेगवेगळे दुवे उघड झाले.

पहिला दुवा पाने पिसण्याचा. बावन्न पानांचे संभाव्य क्रम ८ या अंकापुढे ६७ शून्ये लिहिली असता होणाऱ्या संख्येएवढे आहेत. १९९९ मध्ये अमेरिकेतील संगणक-सुरक्षातज्ञांनी प्लॅनेट पोकरवर वापरली जाणारी आज्ञावली तपासली. ती ज्या ३२ बिटांच्या आरंभसंख्येवर चाले, तीतून फार तर सु. ४३० कोटी क्रम निर्माण होत. ती संख्या संगणकाच्या घड्याळावरून घेतली जात असल्याने संभाव्य क्रम ८ कोटी ६४ लाखांवर येत आणि घड्याळांचा मेळ घातल्यावर सु. दोन लाखच उरत. स्वतःची दोन व पटावरील तीन पाने कळताच उरलेला सर्व कॅट ओळखता येई. विशेष म्हणजे, खेळाची निर्मळता पटावी म्हणून ही आज्ञावली निर्मात्यांनीच प्रसिद्ध केली होती.

दुसरा दुवा चालकांच्या सचोटीचा. ‘ॲब्सोल्यूट पोकर’ (२००७) व ‘अल्टिमेट बेट’ (२००८) या संकेतस्थळांवर इतरांची झाकलेली पाने दिसणारी खाती वापरली गेल्याचे उघडकीस आले. संशय प्रथम खेळाडूंनाच आला; मागील डावांच्या नोंदींचे विश्लेषण करून अशक्यप्राय यशाचा माग त्यांनी काढला. कॅनडातील कानावाके गेमिंग आयोगाने चौकशीनंतर दोन्ही ठिकाणी दंड केला व रक्कम परत करावयास लावली.

तिसरा दुवा ठेवीचा. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी शासनाने तीन मोठ्या पोकर कंपन्यांच्या चालकांविरुद्ध खटले भरले. त्यांपैकी ‘फुल टिल्ट’कडे खेळाडूंचे सु. ३९ कोटी डॉलर देणे असताना बँकेत सु. ६ कोटीच होते, असे शासनाने न्यायालयात मांडले. या कंपनीस ऑल्डर्नी बेटाचा रीतसर परवाना होता. तो त्याच वर्षी रद्द झाला. पण खेळाडूंना पैसे परत मिळण्याची वाट २०१२ मधील तडजोडीनंतरच मोकळी झाली.

विश्वासार्हतेच्या कसोट्या : या अनुभवांतून काही कसोट्या निघाल्या. चालक कोण व कोठे नोंदलेला आहे. परवाना देणाऱ्या संस्थेच्या स्वतःच्या नोंदवहीत त्याचे नाव आढळते काय. खेळाडूंच्या ठेवी कंपनीच्या पैशापासून अलग ठेवल्या जातात काय. यादृच्छिक संख्या निर्माण करणाऱ्या यंत्रणेची स्वतंत्र तपासणी होते काय. डावांच्या नोंदी खेळाडूस मिळतात काय. पैसे काढण्याच्या अटी स्पष्ट आहेत काय आणि स्वतःवर मर्यादा घालण्याची सोय आहे काय, हे प्रश्न त्यांत मुख्य होत. भपकेबाज बक्षिसे किंवा प्रसिद्ध व्यक्तींच्या जाहिराती यांतून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांच्या ‘लिब्रेटस’ (२०१७) व ‘प्लुरिबस’ (२०१९) या आज्ञावलींनी निष्णात खेळाडूंना हरविले. तेव्हापासून समोर माणूस आहे की यंत्र, हा नवा प्रश्नही उभा राहिला आहे.

भारतातील स्थिती : द्यूतात पंचाची आवश्यकता भारतात प्राचीन काळीच ओळखली गेली होती. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याच्या कुटुंबाच्या वाताहतीचे चित्रण आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात द्यूताध्यक्षाने खेळ एकाच ठिकाणी चालवावा, फासे स्वतः पुरवावे, ते बदलणाऱ्यास दंड करावा व जिंकलेल्या रकमेचा पाच टक्के भाग घ्यावा, असे सांगितले आहे.

आधुनिक कायद्यात कौशल्य व दैव यांतील भेद निर्णायक ठरला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीस मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले आणि तीनपत्तीला निव्वळ दैवाचा. पोकरबाबत मात्र एकमत झाले नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या अधिनियमात जुगाराच्या व्याख्येतून पोकर वगळला आहे. उलट, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये तो जुगार ठरविला. गोव्यात १९७६ च्या सार्वजनिक जुगार अधिनियमात १९९२ व १९९६ मध्ये दुरुस्त्या होऊन प्रथम पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरील खेळांना व नंतर जहाजांवरील कॅसिनोंना वाट मिळाली. महाराष्ट्रात १९८७ किंवा त्यानंतर नव्हे, तर १९७६ सालीच कॅसिनोविषयक अधिनियम संमत झाला होता. परंतु तो कधीच अंमलात आला नाही व २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. २०२५ मध्ये भारतीय संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक अधिनियमाने कौशल्य व दैव हा भेद बाजूस सारून पैसे लावून खेळावयाच्या सर्वच ऑनलाइन खेळांना मनाई केली. असे खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद तीत असून जाहिराती व बँकांमार्फत होणारे व्यवहार यांवरही बंदी आहे.

पोकरमधील गणित, संयम व माणसांची पारख हे गुण पैसा न लावताही आजमावता येतात आणि खेळाची तत्त्वे शिकण्यास तेवढे पुरते. चोख चालक व निर्दोष यंत्रणा यांमुळे खेळाडू फसवणुकीपासून वाचतो, हरण्यापासून नव्हे.