मार्था बॅलर्डचा वसंत : एका सुईणीची रोजनिशी आणि घरची कामं

आज आपण एका नदीपासून सुरुवात करू. नदीचं नाव केनेबेक. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे, तिथली ही नदी. ही नदी साधारण नोव्हेंबरअखेर गोठायची आणि एप्रिलपर्यंत गोठलेलीच असायची. हिवाळाभर लोक तिच्यावरून चालत जायचे, घोडे आणि घसरगाड्या न्यायचे. म्हणजे नदी हाच रस्ता. मग एप्रिलच्या सुमारास बर्फाला तडे जायचे, मोठमोठे तुकडे पाण्याबरोबर वाहायला लागायचे, आणि काही दिवस असे यायचे की नदी चालतही ओलांडता येत नाही आणि होडीनंही नाही. थंड प्रदेशातला वसंत म्हटलं की आपल्याला फुलं आठवतात. तिथल्या लोकांसाठी वसंत म्हणजे आधी चिखल, पूर आणि अडलेली वाट.

या नदीकाठी हॅलोवेल नावाचं गाव होतं. त्याचाच एक भाग १७९७ मध्ये वेगळा झाला, तो आजचा ऑगस्टा. तेव्हा मेन हे स्वतंत्र राज्य नव्हतं, मॅसॅच्युसेट्सचा भाग होतं. स्वतंत्र झालं ते १८२० मध्ये. या गावात मार्था बॅलर्ड नावाच्या एक सुईण राहत होत्या. जन्म १७३५ चा. जानेवारी १७८५ पासून मे १८१२ पर्यंत, म्हणजे सत्तावीस वर्षांहून जास्त काळ, त्यांनी रोजनिशी लिहिली. जवळजवळ दहा हजार दिवसांच्या नोंदी. काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो : त्या लिहायला बसल्या तेव्हा इकडे पुण्यात सवाई माधवराव पेशवे होते आणि कारभार नाना फडणवीस पाहत होते. आपल्याकडे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग साठत होते. तिकडे ही बाई कागद दुमडून, हातानं शिवून वह्या करत होती आणि दिवसाला चार ओळी लिहीत होती.

आता त्या चार ओळींत असायचं काय? पहिल्यांदा हवामान. मग घरी कोण आलं, कोण गेलं. नवरा कुठे कामाला होता. मुलींनी किती सूत काढलं, मागावर काय लावलं. बागेत काय पेरलं. आणि बाळंतपण असेल तर कुणाचं, मुलगा की मुलगी. फी मिळाली की समासात दोन फुल्या. ती फी बऱ्याचदा रोख नसायचीच, धान्य किंवा एखादी वस्तू यायची. अशी ८१६ बाळंतपणं या वह्यांत नोंदलेली आहेत.

१८७० मध्ये जेम्स नॉर्थ नावाच्या गृहस्थांनी ऑगस्टाचा मोठा इतिहास लिहिला. रोजनिशी त्यांनी पाहिली होती. त्यांचं मत पडलं की नोंदी त्रोटक आहेत, काही सोडल्या तर सर्वसाधारण वाचकाला रस वाटावा असं त्यात फारसं नाही. नॉर्थसाहेबांना लगेच दोष देऊ नये. आपणही त्या वह्या उघडल्या असत्या तर दहा पानांनंतर कंटाळलो असतो. आज वाटाणे लावले. आज साबण केला. आज पाऊस. आज वाटाण्यांना माती दिली. इतिहास म्हणून यात घ्यायचं काय?

आजच्या व्याख्यानाचा प्रश्न तोच आहे. आणि त्याचं उत्तर शोधायला वसंतातली पानं सगळ्यांत सोयीची, कारण या दिवसांत घरातलं प्रत्येक माणूस दाराबाहेर कामाला असतं. कोण काय करतं ते उघड्यावर दिसतं.

आधी त्या कामांची कल्पना करून घेऊ. हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. गोठताना आतलं पाणी फुगतं आणि दगडांना वर ढकलतं. त्यामुळे दर वसंतात शेतात नवे दगड उगवल्यासारखे दिसतात, आणि नांगर घालण्याआधी ते वेचावे लागतात. तिकडची पोरं म्हणायची की दगड हेच आमचं पहिलं पीक, असं म्हटलं तरी चालेल! मग कुंपणं. बर्फानं मोडलेली कुंपणं जनावरं बाहेर सोडण्याआधी दुरुस्त करायची, नाहीतर पेरलेलं सगळं गाईंच्या पोटात. गोठ्यात हिवाळाभर साठलेलं शेण शेतात न्यायचं. वितळलेल्या बर्फाचं पाणी ओढ्याला आलं की गिरणी चालवायची. मार्थाबाईंचे पती एफ्राइम जमीनमोजणीचं काम करायचे, आणि १७९१ पर्यंत त्यांच्याकडे ओढ्यावरची लाकूड कापायची आणि दळणाची गिरणीही होती. पाण्याला जोर आहे तोवर लाकूड कापून घ्यायचं, म्हणजे गिरणीवाल्याला वसंतात उसंत नाही. मे महिन्यात समुद्रातून मासे नदीत वर चढायचे. त्यात शॅड नावाचा मासा असायचा, आपल्या हिलशाचा भाऊबंद.

ही झाली पुरुषांची म्हणून सांगितली जाणारी कामं. आता बायकांची पाहू. हिवाळाभर साठवलेली चुलीची राख आणि चरबी काढून साबण करायचा. मेंढ्यांची लोकर उतरली की धुवायची, पिंजायची. कोंबड्या आणि टर्की अंड्यांवर बसवायच्या, पिलं मोजायची. आणि बाग. बाग म्हणजे शोभेची नव्हे. वाटाणे, घेवडा, काकडी, कोबी, कांदे, आणि त्यांच्याबरोबर औषधाच्या वनस्पती. सुईणीचं अर्धं औषधाचं कपाट या वाफ्यांतून यायचं. कोबीचे खुंट तळघरात हिवाळाभर जपून वसंतात पुन्हा लावायचे, म्हणजे त्यांना बी धरतं. पुढच्या वर्षाची बेगमी या वर्षी.

आणखी एक पीक होतं, जवस. पण तेलासाठी नव्हे, धाग्यासाठी. त्याच्या देठाच्या धाग्यापासून लिनन कापड होतं. इथे एक गंमत आहे. जवस पेरायचं काम एफ्राइम करायचे. गावाच्या हिशेबात ते त्यांचं शेत. पण रोजनिशीत पाहिलं तर निंदणी मार्थाबाई आणि मुलींनी केली, पीक त्यांनीच उपटलं, सूत त्यांनीच काढलं. एका दिवसाचं पेरणीचं काम नोंदलं तर पीक पुरुषाचं दिसतं. पूर्ण हंगाम नोंदला तर चित्र उलटं होतं. म्हणजे आपण कुठली ओळ गाळतो, यावर इतिहास बदलतो.

आता त्यांच्या वसंतातल्या एका दिवसाकडे वळू. २४ एप्रिल १७८९. मार्थाबाईंचं वय चौपन्न. भर पावसात दुपारी एकाच्या सुमारास बोलावणं आलं, नदीपलीकडे ह्यूइन यांच्या घरी बाई अडली आहे. नदीला पूर. लाटा उसळताहेत. होडीनं पलीकडे गेल्या. पुढे एक ओढा, तो वाहत्या ओंडक्यांवर पाय देत ओलांडला. मग घोड्यावरून जाताना समोर एक मोठं झाड मुळासकट उन्मळून पडलं, घोडा बिचकून मागे सरला, म्हणून वाचल्या. पुढे दुसरा ओढा लागला, त्याच्यावरचा पूल वाहून गेलेला. न्यायला आलेला माणूस लगाम धरून पाण्यात उतरला आणि घोडा ओढत पलीकडे नेला. त्या पोहोचल्या, आणि रात्री बाळ जन्माला आलं. रोजनिशीत त्यांनी देवाचे आभार मानले आहेत, स्वतःच्या धैर्याबद्दल एक शब्द नाही.

हा प्रसंग नाट्यमय आहे, म्हणून लक्षात राहतो. पण आम्हाला यातला खरा प्रश्न वेगळा वाटतो. त्या दिवसांत मार्थाबाई घराबाहेर राहू शकल्या कशा? बाळंतपणाला गेलेली सुईण कधी दुसऱ्या दिवशी परतायची, कधी चार दिवसांनी. ऐन पेरणीच्या दिवसांत घरात स्वयंपाक कुणी केला? गाईची धार कुणी काढली? पिलांना कुणी सांभाळलं?

याचं उत्तर त्या कंटाळवाण्या ओळींत आहे. हॅना आणि डॉली या त्यांच्या दोन मुली तेव्हा मोठ्या झाल्या होत्या आणि घरी होत्या. शेजारच्या मुलीही कामाला यायच्या, विणकाम शिकायच्या. घरात माग आला होता. मुली सूत कातायच्या, विणायच्या, त्यातलं काही शेजाऱ्यांच्या कामाच्या बदल्यात जायचं, काही त्यांच्या स्वतःच्या संसारासाठी बाजूला पडायचं. आपल्याकडे रुखवताची तयारी होते, तसंच म्हणा. मुलींच्या या कामावर घर चालत होतं, म्हणून आईला घोड्यावर बसून निघता येत होतं.

पुढे १७९२ मध्ये हॅनाचं लग्न झालं, १७९५ मध्ये डॉलीचं. मग रोजनिशीचा सूर बदलतो. कामाला मुलगी मिळत नाही, मिळाली तर टिकत नाही, धुणं पडलंय, मी थकले. बाळंतपण करण्याचं कौशल्य तेच होतं, हात तेच होते. मागचं घर रिकामं झालं होतं. सुईणीच्या धंद्याचा चढउतार समजून घ्यायचा असेल तर नुसती बाळंतपणं मोजून भागत नाही, घरातल्या मुली मोजाव्या लागतात.

ही गोष्ट ओळखली लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी. त्यांच्या आधीचे अभ्यासक रोजनिशीतून हवं तेवढं वेचून घेत : कुणी गावातल्या मोठ्या घटना, कुणी फक्त बाळंतपणं. उलरिकबाईंनी वाटाणे, साबण, लोकर यांच्यासकट सगळं वाचलं आणि सांगितलं की तोचतोपणा हीच या वह्यांची ताकद आहे. त्यांचं 'अ मिडवाइफ्स टेल' हे पुस्तक १९९० मध्ये आलं, १९९१ मध्ये त्याला इतिहासाचं पुलित्झर मिळालं. त्यांच्या मोजणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली : इतक्या बाळंतपणांत प्रसूती चालू असताना मार्थाबाईंच्या हातून एकही आई दगावली नाही. पाच जणी गेल्या त्या नंतरच्या दिवसांत. हा हिशेब कुठल्याही सरकारी कागदात नव्हता.

आता एक वाईट वसंत. एफ्राइम गावाचे करवसुली अधिकारी होते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे वसुली कमी पडली तर ती वसूल करणाऱ्याच्या बोकांडी. १८०४ च्या सुरुवातीला त्यांना या कर्जापायी कैदेत जावं लागलं आणि जवळजवळ दीड वर्ष ते घराबाहेर होते. मार्थाबाई एकोणसत्तर वर्षांच्या. पुढे त्याच घरात मुलगा जोनाथन बायकामुलांसह राहायला आला, आणि एका छपराखाली दोन संसार म्हणजे काय होतं ते आपल्याला सांगायला नको. या दिवसांत रोजनिशीत पुन्हा पुन्हा एकच काळजी येते : सरपण. त्या थंडीत सरपण नसणं म्हणजे भाकरीही नाही आणि ऊबही नाही. लाकूड तोडून आणणं हे घरातल्या पुरुषांचं काम धरलेलं, आणि ते करायला वेळेवर कुणी नाही. एरवी आपण म्हणतो की घर बाईच्या जिवावर चालतं. या पानांत दिसतं की तिचं कामही दुसऱ्यांच्या कामावर उभं होतं. ती वीण उसवली की काय होतं, हे इथे वाचायला मिळतं.

तरी त्या बागेत उतरल्याच. १८०९ च्या वसंतात, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, बागेत काम केलं अशी नोंद पुन्हा पुन्हा येते. गुडघे टेकून वाफे करणाऱ्या म्हातारीचं हे चित्र करुण आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. घरात त्यांची सत्ता आटत चालली होती, पण त्या वाफ्यांत काय आणि कधी लावायचं हे त्याच ठरवत होत्या.

१८१२ च्या एप्रिलअखेर त्यांनी शेवटचं बाळंतपण केलं. ७ मे रोजी शेवटची नोंद. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या गेल्या, वय सत्त्याहत्तर. वर्तमानपत्रात एका ओळीची बातमी आली : एफ्राइम बॅलर्ड यांच्या पत्नी मार्था यांचं निधन, आणि वय. सुईण हा शब्दसुद्धा त्यात नव्हता. वह्या मात्र घरात राहिल्या, पिढ्यान्‌पिढ्या हातोहात गेल्या, आणि शेवटी त्यांच्या वंशातल्या मेरी होबार्ट यांच्याकडे आल्या. या बाई स्वतः डॉक्टर होत्या. त्यांनी १९३० मध्ये त्या मेनच्या राज्य ग्रंथालयाला दिल्या. तिथे त्या आजही आहेत.

जाता जाता एक. आपल्या घरी जुनी कॅलेंडरं असतील. त्यांच्या चौकटींत आई, आजी काहीबाही लिहून ठेवतात : दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, पापडाचं पीठ कधी आणलं, अमक्याला ताप. नवं वर्ष लागलं की आपण ते रद्दीत टाकतो. नॉर्थसाहेबांसारखंच आपलंही मत असतं की यात काय आहे! तर या वर्षी टाकण्याआधी एकदा पानं उलटून पाहा. आणि जिनं लिहिलंय ती समोर असेल, तर तिला विचारून घ्या की त्या खुणांचा अर्थ काय. समासातल्या दोन फुल्यांचा अर्थ आपल्याला कळला, कारण कुणीतरी सगळी पानं वाचली.

इथे थांबतो.