नवं-जुनं

बँकेत कृषी अधिकारी म्हणून लागलो ते 1983 साली. बी.एस्सी. अ‍ॅग्री झालेलं पोरगं, भरती मंडळाची लेखी परीक्षा, मग तोंडी, मग उमेदवारीची दोन वर्षं. आता आयबीपीएसची परीक्षा असते, ती संगणकावर द्यायची. वाट मात्र तीच, कृषी पदवीची. गावात मला कुणी कृषी अधिकारी म्हणत नसे. 'कर्जाचा सायेब' म्हणत.

परीक्षेत न येणाऱ्या गोष्टी बांधावर शिकलो. सातबारा हातात आला की आधी 'इतर हक्क' वाचायचे. बोजा, कुळ, बहिणींची नावं, सगळं तिथं असतं. विहीर बघायची ती मे महिन्यात, दिवाळीत तर कुणाच्याही विहिरीला पाणी असतं. आणि अर्जदाराबद्दल जामीनदाराला विचारायचं नाही, शेजारच्या बांधावाल्याला विचारायचं.

आमची शाखा भीमथडीच्या दुष्काळी पट्ट्यात. सुपं तिथून लांब नाही. 12 मे 1875 ला त्याच सुप्याच्या बाजारात दंगा पेटला. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, वर सरकारनं शेतसारा वाढवलेला. लोकांनी सावकारांच्या घरादुकानांतून खतं आणि वह्या बाहेर काढून जाळल्या. माणसांना तुलनेनं फार कमी इजा झाली; राग कागदावर होता. कागद वाचता न येणाऱ्यांनी कागद जाळला, ही गोष्ट मला कर्जखात्यात बसल्यावर जास्त कळली. 1879 च्या कायद्यानं कोर्टाला कागदामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा दिली. 1904 ला सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. तरी 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत काय दिसलं? शेतकऱ्यांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3 टक्के, सावकारांचा 70 च्या आसपास. म्हणून पुढे 1969 ला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा आमच्यासारख्यांना खेड्यात पाठवायला सुरुवात झाली. सावकाराची जागा घ्यायला.

आता मार्चमधली गंमत ऐका. पीककर्ज 31 तारखेच्या आत भरलं तर पुढचं मिळणार. पण ज्वारी विकून घरखर्च भागलेला, हातात दमडी नाही. मग शेतकरी गावातल्याच एकाकडून आठ दिवसांसाठी पैसे उचलायचा. 8,000 चं कर्ज असेल तर आठ दिवसांचे 400. ते आमच्याकडे भरायचे, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नवं कर्ज काढायचं आणि दुपारीच त्याचे त्याला नेऊन द्यायचे. याला 'नवं-जुनं करणं' म्हणतात. बियाण्याला, खताला उरायचं काय ते तुम्हीच धरा. वरच्या कार्यालयात मात्र आमच्या शाखेची वसुली उत्तम गणली जायची. 31 मार्चला बँकेच्या दारासमोर स्टँडवर मोटारसायकल लावून बसलेला माणूस कोण, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक होतं. सावकार हटला नव्हता, आमच्या वसुलीचा भागीदार झाला होता. असं माझं मत आहे, आणि ते मी बैठकीत बोललोही. उत्तर मिळालं, "वसुली होतीय ना?"

1990 साली सरकारनं 10,000 रुपयांपर्यंतची थकबाकी माफ केली. याद्या आम्हीच केल्या. यादी फलकावर लागली त्या दिवशी एक म्हातारा काउंटरशी आला.

"सायेब, माझं नाव दिसंना."

"आबा, तुमची थकबाकीच नाही. तुम्ही दरवर्षी वेळेवर भरता."

"मी कुठनं भरतो ते तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय?"

मी गप्प. आबा म्हणाले, "मग त्येचं कोण माफ करणार?"

मागं रांग लागली होती. आबांनी पिशवीतून सातबारा काढून खरिपाच्या अर्जाला जोडला. मी सवयीनं 'इतर हक्क' आधी वाचले. आमच्या बँकेचा बोजा होता. दुसरं कुणाचं नाव नव्हतं.