पेटीवरचा वॅट : घरगुती अ‍ॅम्प्लिफायरच्या एका आकड्याचा इतिहास

पनवेल ही खाडीकाठची जुनी पेठ. भात, मीठ आणि घाटावरून उतरणारा माल इथे येई, आणि त्यासोबत मापांचा घोळही येई. खंडी, मण, पायली, शेर ही नावे सगळीकडे सारखी. त्यांत बसणारे धान्य मात्र गावागणिक वेगळे. १९५६ च्या वजनमापे कायद्याने हा घोळ मिटवायला घेतला आणि १९६० च्या दशकात किलो, लिटर, मीटर बाजारात रुळले. वजनांवर सरकारी छाप आली. छाप नसलेले वजन ठेवणे हा गुन्हा ठरला.

त्यानंतर काही वर्षांतच देशभरच्या बाजारपेठांत एक नवे माप विकले जाऊ लागले. त्यावर कसलीच छाप नव्हती. ते माप म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरचा वॅट.

विजेच्या दिव्याचा वॅट खोटा सांगणे अवघड असते, कारण घरातला मीटर बिलात साक्ष देतो. अ‍ॅम्प्लिफायरचे तसे नाही. तो किती वॅट ‘देतो’ हे मोजायला स्पीकरच्या जागी जाड तारेचा रोधक, एक सिग्नल जनरेटर आणि एक ऑसिलोस्कोप लागतो. गिऱ्हाइकाकडे यांतले काहीच नसते. त्याच्याकडे कान असतो, आणि कानाला फसवणे सोपे असते. दुप्पट वॅट म्हणजे केवळ ३ डेसिबलची वाढ. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. म्हणून ५० आणि १०० वॅटमधला फरक दुकानात उभे राहून जेमतेम जाणवतो. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज किंचित वाढवून ठेवला, की तेच ‘चांगले’ वाटते. ही युक्ती विक्रेत्यांना शास्त्रज्ञांइतकीच ठाऊक होती.

हा आकडा सुरुवातीपासून बेइमान नव्हता. १९२७ च्या ऑगस्टमध्ये बेल कंपनीचा अभियंता हॅरोल्ड ब्लॅक कामावर जाण्यासाठी हडसन नदीवरच्या फेरीबोटीत बसला होता. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज थोडा उलटा फिरवून पुन्हा त्याच्याच प्रवेशद्वाराशी जोडला, तर त्याचा खोटेपणा तोच दुरुस्त करील, ही कल्पना त्याला तिथे सुचली. तिला ऋण प्रतिपोषण म्हणतात. वीस वर्षांनी, एप्रिल १९४७ मध्ये, ब्रिटनच्या ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात डी. टी. एन. विल्यमसन याने या तत्त्वावर बांधलेल्या वाल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा छापला. १५ वॅट, आणि विरूपण ०.१ टक्क्याहून कमी. जगभरच्या हौशी मंडळींनी तो घरी बांधला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की विल्यमसनने वॅट एकटा सांगितला नाही. विरूपणाचा आकडा त्याच्या हातात हात घालून आला. ‘किती’ या प्रश्नाला ‘किती शुद्ध’ ही अट जोडल्याशिवाय उत्तर नसते, ही त्या काळची सभ्यता होती.

ती सभ्यता अमेरिकेतल्या स्टिरिओच्या भरभराटीत वाहून गेली. आधी ‘म्युझिक पॉवर’ आली: सूर अखंड न देता क्षणभर दिला, तर वीजपुरवठा खचायच्या आत जेवढे मिळेल तेवढे. मग ‘पीक पॉवर’ आली. इथे गणित साधे आहे. सलग सुरात १० वॅट देणारे यंत्र लाटेच्या माथ्यावर क्षणभर २० वॅट देते. म्हणून २० लिहायचे. दोन वाहिन्या आहेत. म्हणून ४० लिहायचे. विरूपण बेसुमार वाढू दिले तर ६० लिहिता येतात. कोणी पूर्ण खोटे बोलत नव्हते, आणि खरेही कोणी बोलत नव्हते.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने यावर नियम केला. वॅट सांगायचा तर किती ओहमच्या भारावर, कोणत्या कंप्रतापट्ट्यात आणि किती विरूपणासह, हे सोबत सांगायचे. त्याहून कठोर अट पुढे होती. मोजणीपूर्वी यंत्र सगळ्या वाहिन्यांसह, घोषित शक्तीच्या एकतृतीयांशावर, तासभर सलग चालवायचे.

एकतृतीयांशच का, पूर्ण शक्तीवर का नाही? या प्रश्नाच्या उत्तरात अ‍ॅम्प्लिफायरच्या विश्वासार्हतेचे मर्म दडले आहे. ‘बी’ वर्गाचा आदर्श अ‍ॅम्प्लिफायर १०० वॅट पूर्ण देत असतो, तेव्हा सुमारे २७ वॅट उष्णता होऊन वाया जातात. तेच यंत्र ३३ वॅट देत असताना सुमारे ४० वॅट उष्णता सोडते. म्हणजे ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतो तो मधल्या आवाजात, गर्जनेत नाही. आयोगाच्या अटीने यंत्राला नेमके त्याच्या सर्वांत वाईट जागी तासभर उभे केले. ज्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा हीट सिंक वाचवला होता, त्यांची यंत्रे तिथे गुडघे टेकू लागली. उत्पादकांनी कुरकुर केली, की प्रत्यक्ष संगीत असे सलग कधीच वाजत नाही आणि या अटीपायी निष्कारण अवजड हीट सिंक बसवावे लागतात. तक्रार अगदीच पोकळ नव्हती. २००० मध्ये ती अट एकअष्टमांशावर आणली गेली. तरीही शक्तीचा दावा आणि टिकाऊपणा ही दोन्ही उष्णतेच्या एकाच तराजूत तोलायची, हे त्या नियमाचे मोठेपण मानावे लागते.

योगायोग असा, की त्याच १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले. पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि तिच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके आघाडीवर होते. ज्यांचा आवाज रेडिओतून मराठी घरोघरी पोचला, ते गृहस्थ वजनाच्या आणि भावाच्या प्रामाणिकपणासाठी उभे राहिले. अर्थात पंचायतीचे काम डाळ, तेल, साबण अशा नित्याच्या गरजांचे होते. अ‍ॅम्प्लिफायर ही तेव्हा चैन होती.

आणि ती मिळतही नव्हती. परदेशी यंत्रांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. आखातातून सुट्टीवर आलेल्या कोकणी माणसाच्या सामानातला जपानी डेक हा वाडीभर चर्चेचा विषय होई. बाकीच्यांसाठी एक रस्ता होता: जुळवणी. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हे सुट्या भागांचे माहेरघर. पनवेलहून एसटीने पूर्वी ठाण्याचा वळसा घालून जावे लागे. १९७० च्या दशकात वाशीचा खाडीपूल झाला आणि ती फेरी आटोपशीर झाली. ट्रान्सफॉर्मर, रोधक, कपॅसिटर, छापील बोर्ड असे पिशवीभर सामान घेऊन संध्याकाळी परतता येऊ लागले. तालुक्याच्या गावातला रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर त्यातून पत्र्याच्या पेटीत अ‍ॅम्प्लिफायर बांधून देई. १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ या मासिकाने आणि तशा पुस्तिकांनी आराखडे पुरवले.

या जुळवणीचा नायक होता २एन३०५५ नावाचा ट्रान्झिस्टर. आधीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेपुढे हळवे होते. तापले की जास्त प्रवाह ओढत, प्रवाहाने आणखी तापत आणि स्वतःलाच जाळून घेत. सिलिकॉनचा २एन३०५५ रांगडा होता. त्याच्या माहितीपत्रकावर ११५ वॅट लिहिलेले असते. पण त्या आकड्यालाही अट आहे: धातूचे कवच २५ अंश सेल्सिअसला राहिले तर. कवच १०० अंशांवर गेले की तोच ट्रान्झिस्टर जेमतेम ६६ वॅट पचवतो. कोकणातल्या मे महिन्यात, कौलाखालच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून ठेवलेल्या पेटीत २५ अंश कुठून यायचे? त्यात बाजारात नकली मालही फिरे. कवच तसेच, छापही तीच, आत मात्र सिलिकॉनचा चिमुकला तुकडा. कवच कापून पाहिल्याशिवाय खोट कळत नसे, आणि कवच कापल्यावर कळून उपयोग नसे.

म्हणून आपल्याकडे परीक्षा वेगळ्या घडल्या. ज्यांच्याकडे ऑसिलोस्कोप नव्हता त्यांनी हात वापरला. पेटी उचलून पाहायची, कारण ट्रान्सफॉर्मरचे लोखंड आणि तांबे खोटे बोलत नाही. हलकी पेटी मोठा वॅट देऊ शकत नाही. तासभर वाजवून हीट सिंकला बोट लावायचे: बोट ठेववत असेल तर यंत्र जगेल. आवाज शून्यावर नेऊन स्पीकरला कान लावायचा आणि ५० हर्ट्‌झच्या विजेची घरघर किती येते ते ऐकायचे. यांतली कोणतीच कसोटी पुस्तकात शोभणारी नव्हती. पण तासभर तापवून हात लावणे ही वॉशिंग्टनच्या नियमाचीच गावठी आवृत्ती होती, आणि ती बनवणाऱ्यांनी त्या नियमाचे नावही ऐकलेले असण्याचे कारण नव्हते.

विजेचाही एक जाच होता. दाब २३० व्होल्टवरून २०० वर उतरला, की साध्या वीजपुरवठ्याच्या १०० वॅटी यंत्रात सुमारे ७६ वॅट उरतात, कारण शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटते. त्याने फक्त आवाज दबतो. धोका उलट दिशेला असतो. दाब २६० वर चढला तर आतला ३३ व्होल्टचा पुरवठा ३७ च्या पुढे जातो, आणि काटकसरीने बसवलेला ३५ व्होल्टचा कपॅसिटर फुगतो किंवा फुटतो. ५० व्होल्टचा कपॅसिटर थोडाच महाग असे. त्या थोड्यात यंत्राचे आयुष्य अडकलेले असे.

कपॅसिटरचे वय तापमानावर ठरते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य दुप्पट होते. ८५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ८००० तास टिकतो. रोज तीन तास गाणी ऐकणाऱ्या घरात तो सात वर्षे पुरेल. हीट सिंकला चिकटवून बसवला तर तोच दोन वर्षांत सुकेल. खाडीकाठच्या गावात याला पावसाळ्याची जोड. दमट, खारट हवेत तांब्यावर हिरवी पुटे चढतात आणि आवाजाची खुंटी फिरवताना खरखर येते. बंद ठेवलेले यंत्र चालत्या यंत्रापेक्षा लवकर बिघडते, असे कारागीर सांगत, त्यामागे हेच कारण होते: चालू पेटी निदान स्वतःला कोरडी ठेवते.

१९९१ नंतर बाजार उघडला, आणि एका पिढीने सांभाळलेली ही सावध नजर अचानक कालबाह्य वाटू लागली. दुकाने चकचकीत कॅसेट आणि सीडी यंत्रांनी भरली. पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत आकडा असे: १००० वॅट, आणि बाजूला बारीक अक्षरांत पीएमपीओ. या मापाला कोणत्याही मानक संस्थेची व्याख्या नव्हती; ज्याला जे हवे ते तो लिही. सिडकोच्या नवीन पनवेलमधल्या दहा बाय बाराच्या खोलीत १००० वॅट! वस्तुतः साधा घरगुती स्पीकर एक वॅटवर एक मीटर अंतरावर ८८ डेसिबलच्या आसपास आवाज काढतो, म्हणजे शेजारच्याने भिंत ठोठवावी इतका. तेवढ्या खोलीला पंधरावीस प्रामाणिक वॅट भरपूर होत. पण दिवाळीच्या बोनसमधून हप्त्याने घेतलेल्या वस्तूचा आकडा पाहुण्यांना सांगायचा असतो, आणि ‘वीस’ सांगायला जड जाते.

गंमत अशी, की खरा आकडा त्याच यंत्रावर छापलेला असे. फक्त पाठीमागे. वीजजोडणीच्या वायरीशेजारच्या पट्टीवर ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झ’ यापुढे यंत्र भिंतीतून किती वॅट ओढते ते लिहिणे भाग असे, आणि तो आकडा कित्येकदा दोन अंकीच असे. पुढून हजार, मागून तीसचाळीस. जे आत येत नाही ते बाहेर कसे पडेल, हा प्रश्न विचारायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नव्हती. खोके फिरवून पाहावे लागत होते.

चांगला आवाज म्हणजे नेमके काय, हा वाद मात्र प्रामाणिक वॅटनेही संपला नाही. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये जेम्स मॉयर यांनी क्वाड कंपनीचे तीन अ‍ॅम्प्लिफायर अनुभवी श्रोत्यांसमोर, कोणते वाजते आहे ते न सांगता, एकाच पातळीवर वाजवले. त्यांतला एक जुना वाल्व्हचा, दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे ट्रान्झिस्टरचे. श्रोत्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. वाल्व्हच्या उबदार आवाजाची शपथ घेणाऱ्यांना तो निकाल आजही मान्य नाही. मर्यादेत चालणारी, नीट बांधलेली यंत्रे कानाला सारखीच वाटत असतील, तर निवडीचा खरा प्रश्न ‘कोणते गोड’ हा राहत नाही. ‘कोणते दहा वर्षांनी चालू असेल’ हा होतो, आणि त्याचे उत्तर पनवेलच्या दुरुस्तीवाल्याला क्वाडच्या श्रोत्यांपेक्षा अधिक ठाऊक होते.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या आयोगाने नियम पुन्हा घट्ट केला: ८ ओहमचा भार, २० ते २०,००० हर्ट्‌झचा पूर्ण पट्टा आणि विरूपण १ टक्क्याच्या आत. दरम्यान यंत्रे बदलली आहेत. ‘डी’ वर्गाचा तळहाताएवढा बोर्ड आता घरपोच येतो. तो फारसा तापत नाही, त्याला जड ट्रान्सफॉर्मर नको, म्हणून पेटी उचलून पाहण्याची जुनी परीक्षा त्याला लागू पडत नाही. त्याच्या खोक्यावर ‘५० वॅट + ५० वॅट’ असते. सोबत येणाऱ्या काळ्या अ‍ॅडॉप्टरच्या पोटावर बारीक अक्षरांत पुष्कळदा १२ व्होल्ट, २ अँपिअर असे लिहिलेले असते. त्यांचा गुणाकार चोवीस होतो.