घोडा, कापूस आणि कॅमेरा

आमच्या सारंगखेड्याला घोडा घ्यायला येणाऱ्या माणसाकडे तीन गोष्टी लागतात : पैसा, पारख आणि दलाल. पैकी पहिल्या दोन नसल्या तरी चालते, असे दलालांचे मत आहे. मी पडलो बँकेतला कारकून. जन्म दुसऱ्यांचे पैसे मोजण्यात चाललेला. त्यामुळे दत्तजयंतीला तापीकाठी यात्रा भरली, की मी एकमुखी दत्ताचे दर्शन घेतो, मारवाडी, काठेवाडी, पंचकल्याणी घोडे डोळे भरून पाहतो आणि पावशेर शेव घेऊन घरी येतो. माझ्या ऐपतीचा व्यवहार एवढाच.

पण दलाल हा प्राणी मला घोड्यापेक्षा जास्त आवडतो. घेणारा लांबचा, विकणारा त्याहून लांबचा. दोघांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. तोंड फक्त घोड्याचे पाहतात, तेही दात मोजायला! जनावरांच्या बाजारातली जुनी रीत अशी, की उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव ठरायचा. वरून बघणाऱ्याला वाटावे, दोन जुने स्नेही बऱ्याच दिवसांनी भेटले आहेत.

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. तो असतो म्युनिकला. गेल्या वर्षी त्याने तिथे बसून जपानमधला एक जुना याशिका कॅमेरा विकत घेतला. वरून खाली पाहायचा, पोटाशी धरायचा, तो दोन डोळ्यांचा. अगदी तसाच कॅमेरा आमच्या आप्पांकडे होता. त्यावर ते यात्रेत फोटो काढायचे. घोडा परवडत नसेल, तर घोड्यावर बसल्याचा फोटो तरी परवडावा, हे त्यांच्या धंद्याचे तत्त्व. १९९८ साली मी बी.कॉम.ला गेलो आणि कॅमेरा घरातून गेला. दोन्ही घटना एकाच आठवड्यातल्या. आमच्या घरच्या वहीत त्यांची जोडनोंद कुणी केली नाही. डेबिट-क्रेडिट शिकायला गेलेल्या मुलालाही ती करायचे धैर्य झाले नाही.

भाच्याने फोनवर व्यवहार समजावला. जपानी माणसे घरातल्या जुन्या वस्तू इंटरनेटच्या बाजारात विकायला मांडतात. पण बरेच विक्रेते माल देशाबाहेर पाठवत नाहीत. मग जपानमधलाच एक मध्यस्थ आपल्या वतीने बोली लावतो, पैसे भरतो, माल स्वतःच्या गोदामात उतरवून घेतो आणि पुढे म्युनिकला धाडतो. त्याचे कमिशन वेगळे, जहाज-विमानाचे भाडे वेगळे आणि जर्मन सरकारचा १९ टक्के कर वेगळा.

"म्हणजे दलाल!" मी म्हणालो.

"मामा, त्याला प्रॉक्सी म्हणतात."

उपरणे बदलले, बोटे तीच!

भाच्याला वाटते, ही किमया इंटरनेटची. ट्रंककॉलचा जमाना असता तर मी गप्प बसलो असतो; पण हल्ली बोलणे फुकट असल्यामुळे मी त्याला इतिहास ऐकवला. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी झाली, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि आमच्या खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मँचेस्टरवाल्याने खानदेश पाहिला नव्हता, शेतकऱ्याने मँचेस्टर. मध्ये दलालांची रांग. पुढे जपानमध्ये गिरण्या निघाल्या आणि आखूड धाग्याच्या हिंदी कापसाला नवे गिऱ्हाईक मिळाले. पण मुंबईहून जपानची वाहतूक पी. अँड ओ. आणि तिच्या जोडीदार कंपन्यांच्या मुठीत. भाडे ठरवतील ते. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले आणि निप्पॉन युसेन कैशा या कंपनीशी त्यांनी संधान बांधले. त्याच वर्षी त्या कंपनीची हिरोशिमा मारू ही बोट मुंबईच्या वाटेला लागली. मक्तेदारांनी भाडी इतकी पाडली, की जपानला कापूस फुकट नेण्याचीही तयारी दाखवली! तरी जपानी गिरणीवाले बधले नाहीत. फुकटच्या बोटीला 'नको' म्हणणारे गिऱ्हाईक मी माझ्या काउंटरवर अजून पाहिलेले नाही.

गेला कापूस कापड होऊन परत यायचा, तोही इतका स्वस्त, की १९३३ साली सरकारने जपानी कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेली. जपानी गिरण्यांनी उलट हिंदी कापसावरच बहिष्कार टाकला. शेवटी १९३४ च्या करारात हिशेब बसला : जपानने १० लाख गाठी कापूस घ्यावा, तर साडेबत्तीस कोटी यार्ड कापड इथे विकावे, १५ लाख गाठी घेतल्या, तर ४० कोटी यार्ड. दोन सरकारांनी उपरण्याखाली हात घालून केलेला हा सौदाच.

त्या काळी 'जपानी माल' म्हणजे स्वस्त आणि तकलादू. माझ्या लहानपणी मात्र 'जपानी' म्हटले, की घड्याळ काढून चार जणांत फिरवत. देश तोच. मधल्या काळात त्याने शब्द पाळायची सवय लावून घेतली होती, एवढेच. बँकेत आम्ही लेटर ऑफ क्रेडिट देतो, तेव्हा माल बघत नाही, कागद बघतो. पण कागदावरचा शब्द खोटा निघाला, तर सात समुद्रांपलीकडून माल परत कोण नेणार?

दत्तजयंतीला भाचा कॅमेरा घेऊन आला. आप्पांनी तो घोड्यासारखा तपासला. आधी दात, म्हणजे भिंगे पाहिली. मग पाठीवरून हात फिरवला. मग चावी फिरवून चाल बघितली. बराच वेळ बोलले नाहीत. माझ्या मनात सत्तावीस वर्षांचे व्याज चढत होते.

"भिंगावर ओरखडा आहे," ते म्हणाले.

भाच्याने मोबाइल काढून विक्रेत्याचा मजकूर वाचून दाखवला : वरच्या भिंगावर एक बारीक ओरखडा, चामडे एका कोपऱ्यात सुटलेले, फिल्म घालून तपासलेला नाही. न विचारता सगळ्या खोडी आधीच सांगितलेल्या!

आप्पांनी कॅमेरा छातीशी धरला. "साठ वर्षं यात्रा बघितली," ते म्हणाले, "घोड्याची खोड आपण होऊन सांगणारा एक नाही भेटला. मानूस खरा शे."

मग ते माझ्याकडे वळले. "उभा राहा तिथं. घोड्याजवळ."

मी उभा राहिलो. घोडा माझा नव्हताच. फोटो मात्र माझा निघाला, थोडा ओरखड्यासकट.