पाट आणि पत

सामाजिक विषमतेचा विचार करतांना आपण तिचे निरनिराळे कप्पे पाडतों. जातीचा प्रश्न एका कप्प्यांत, दारिद्र्याचा दुसऱ्यांत, स्त्रियांचा तिसऱ्यांत. परिषदा निराळ्या, पुढारी निराळे आणि ठरावही निराळे. अभ्यासाच्या सोयीसाठीं अशी वांटणी क्षम्य आहे. परंतु ज्याच्या वांट्याला ही विषमता येते त्याच्या संसारांत असे कप्पे नसतात. कोणतीही बाई सकाळीं स्त्री, दुपारीं मजूर आणि सायंकाळीं अमुक जातीची, अशी नसते. ती हें सर्व एकाच वेळीं असते. हें तत्त्व ऐकण्यास अगदीं सोपें आहे. मात्र त्याचा विसर पडला म्हणजे शुद्ध हेतूनें केलेल्या सुधारणेचेंही कसें विपरीत फळ येतें, याचें एक उदाहरण आपल्याच इतिहासांत आहे. तें म्हणजे विधवांच्या पुनर्विवाहाचें.

विवाहाचे प्रकार अनादि आहेत असें मानण्याची आपल्याला संवय असते. आमच्या देवपुराहून पांझरा ओलांडली कीं जुनें धुळें लागतें. तेथें ज्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ १९२७ सालापासून उभें आहे, त्या इतिहासाचार्य राजवाड्यांनीं विवाहसंस्थेचा इतिहास लिहावयास घेऊन ही समजूत केव्हांच मोडून काढली. तरी दुसरी एक समजूत शिल्लक राहिली आहे. गेल्या शतकापूर्वींच्या विधवेचें नांव काढतांच सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें केशवपन केलेली, आलवण नेसलेली, माजघराच्या कोपऱ्यांतली ब्राह्मण स्त्री उभी राहते. तिचें दुःख खरें होतें. परंतु महाराष्ट्रांतील विधवांत ती अल्पसंख्य होती. कुणबी, माळी, धनगर, तेली, महार, मांग इत्यादि जातींत विधवेला पाट लावतां येत असे. कांहीं भागांत त्यालाच मोहतूर म्हणत. मराठी राज्यांत पाट लावण्याबद्दल ‘पाटदाम’ नांवाची पट्टी सरकारांत जमा होई. ज्या गोष्टीवर सरकार कर बसवितें ती समाजांत सर्रास चालत असली पाहिजे, हें सांगावयास नकोच.

पेशवाईच्या अखेरीस, १८१८ सालीं, खानदेश इंग्रजांकडे गेला. नव्या सरकारला न्यायदानासाठीं येथील रूढी माहीत करून घेणें भाग होतें. एल्फिन्स्टन यांच्या कारकीर्दींत आर्थर स्टील यांनीं दख्खन प्रांतांतील जातींच्या चालीरीती गोळा करून १८२७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. त्यांत पाटाच्या चालींना चांगलें स्थान आहे. पाट म्हणजे स्त्रियांचें स्वातंत्र्य, असा मात्र कोणीं समज करून घेऊं नये. पाट रात्रीं लागे. सवाष्णी त्या ठिकाणीं फिरकत नसत. सकाळ होईपर्यंत त्या जोडप्याचें तोंड पाहणें अशुभ मानीत. ‘लग्नाची बायको’ आणि ‘पाटाची बायको’ यांच्या मानांत अंतर असे. पहिल्या नवऱ्याची चीजवस्त आणि पुष्कळदां मुलेंही त्याच्या भाऊबंदांकडे ठेवून तिला जावें लागे. परंतु तिला दुसरें घर मिळे आणि त्या घरीं झालेलीं मुलें औरस ठरत. शिवाय या गोष्टींचा निवाडा जातीच्या पंचायतींत होई. जातीजातींत, गांवोगांवीं चाली भिन्न असत, आणि त्यामुळें घासाघिशीला, तडजोडीला थोडी जागा राहत असे.

याच सुमारास पुण्यांत एका चौदा वर्षांच्या मुलीनें जें लिहिलें, तें मोठमोठ्या सुधारकांच्याही दृष्टीबाहेर होतें. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांगमहारांच्या दुःखांविषयींचा निबंध १८५५ सालीं ‘ज्ञानोदय’ पत्रांत दोन हप्त्यांनीं छापून आला. अस्पृश्यतेचें वर्णन करीत असतां ती आपल्या जातीच्या बाळंतिणींकडे वळते. डोक्यावर छप्पर नाहीं, वैद्याला द्यावयास पैसा नाहीं, अशा स्थितींत थंडीवाऱ्यांत होणाऱ्या बाळंतपणाकडे ती वाचकांचें लक्ष वेधते. बाळंतपणाच्या वेदना सर्व जातींच्या स्त्रियांना आहेत, दारिद्र्य पुरुषांनाही आहे, आणि अस्पृश्यता तिच्या भावालाही भोगावी लागतेच. परंतु या तिन्ही गोष्टी जेथें एकत्र येतात तें ठिकाण त्या मुलीनें अचूक दाखविलें.

पुढच्याच वर्षीं, १८५६ सालीं, हिंदु विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा हेतु, धैर्य आणि परिश्रम यांविषयीं दुमत होणार नाहीं. पहिल्या कलमानें विधवेचा पुनर्विवाह आणि त्याची संतति कायदेशीर ठरली. दुसऱ्या कलमानें मात्र असें ठरविलें कीं, पुनर्विवाह करतांच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतींतील तिचा वारसाहक्क आणि पोटगीचा हक्क, जणूं ती त्या दिवशीं मरण पावली असें समजून, संपुष्टांत यावा. उच्चवर्णीय विधवेच्या दृष्टीनें हा एक सौदा होता: जो हक्क पूर्वीं नव्हता तो मिळाला आणि त्याची किंमत म्हणून मिळकत गेली. पण कुणब्याच्या विधवेचें काय? पुनर्विवाहाचा हक्क तिला पिढ्यान्‌पिढ्या होताच. कायद्यानें तिला नवें कांहींच दिलें नाहीं. मग तिच्याकडून किंमत कां घ्यावी?

हा प्रश्न न्यायालयांपुढें वारंवार आला. अलाहाबादच्या हायकोर्टानें १८८९ सालीं निर्णय दिला कीं, ज्या जातींत पूर्वीपासून पुनर्विवाहाची चाल आहे त्यांना हें दुसरें कलम लागू नाहीं. मद्रासच्या कोर्टाचें मत १८७७ पासूनच विधवेच्या विरुद्ध होतें. मुंबईच्या हायकोर्टाच्या पूर्णपीठानें १८९६ सालीं, विठू विरुद्ध गोविंदा या प्रसिद्ध खटल्यांत, पाटाची चाल असलेल्या जातींतील विधवाही पाट लावतांच पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीला मुकते असें ठरविलें. खानदेश मुंबई इलाख्यांत असल्यामुळें हाच निर्णय येथें बंधनकारक झाला. जें पूर्वीं जातीजातींत भिन्न होतें आणि पंचांपुढें बोलून कमीजास्त करतां येत होतें, तें आतां एकच आणि अढळ झालें.

या निर्णयाचें महत्त्व काळी जमीन पाहिलेल्या मनुष्यालाच पुरतें कळेल. अमेरिकेंतील यादवीच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव भडकले; त्याच दशकांत आगगाडीचा रस्ता खानदेशांतून गेला. कापसाची जमीन हें मोलाचें धन झालें. विभक्त झालेला मनुष्य पुत्रहीन वारला तर त्याची जमीन विधवेकडे तिच्या हयातीपुरती राहत असे. ती कधीं मरते याची वाट पाहणाऱ्या भाऊबंदांना कायद्यानें दुसरा, जवळचा मार्ग दाखविला. तिनें पाट लावला, कीं जमीन परत. म्हणजे तरुण विधवेपुढें प्रश्न उभा राहिला तो असा: शेत राखावें कीं संसार? हा प्रश्न तिच्या नवऱ्यामागें राहिलेल्या भावाला, तो विधुर असला तरी, कधींच पडला नाहीं. आणि जिच्या नवऱ्याला जमीनच नव्हती त्या मजूर बाईलाही पडला नाहीं. तो पडला तो थोडीशी जमीन असलेल्या, खालच्या मानलेल्या जातीच्या, स्त्रीला.

येथेंच कायद्याच्या नीतिमत्तेची परीक्षा होते. आसामांतील केरी कोलितानी हिच्या खटल्यांत प्रश्न असा होता कीं, नवऱ्याची मिळकत हातीं आल्यानंतर विधवेचें वर्तन बिघडलें तर ती मिळकत जाते काय? कलकत्त्याच्या हायकोर्टानें १८७३ सालीं आणि प्रिव्ही कौन्सिलनें १८८० सालीं उत्तर दिलें: जात नाहीं. आतां हे दोन निर्णय शेजारीं ठेवावे. चोरून संबंध ठेवणाऱ्या विधवेचें शेत सुरक्षित. चार माणसांसमक्ष पाट लावणारीचें शेत गेलें! कायदा शीलाचें रक्षण करीत होता असें म्हणावें, तर त्याला या जोडीचा खुलासा करतां येणार नाहीं. एकदां हातीं आलेली मिळकत हिसकावूं नये या तत्त्वाला शीलापेक्षां अधिक मान मिळाला. आणि तेंच तत्त्व पाटाच्या बायकोपुढें मात्र लंगडें पडलें.

वरच्या पायरीवर दुःख निराळें होतें, पण तेंही याच गांठीचें. ब्राह्मण विधवेला पाट नाहीं. म्हणून गर्भपात, अर्भकहत्या आणि फजिती. फुले दांपत्यानें १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें तें याचसाठीं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेला १८८१ सालीं अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हां वऱ्हाडांतील बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून समाजाला जाब विचारला. त्या स्वतः ब्राह्मण नव्हत्या, मराठा होत्या. प्रतिष्ठित मराठा घराण्यांतही पुनर्विवाह बंदच होता. किंबहुना कुळवंत मराठा कोण आणि कुणबी कोण हें ओळखण्याची एक प्रमुख खूण हीच: ज्याच्या घरीं पाट लागत नाहीं तो वरचा. घराण्याची पत वाढवावयाची तर प्रथम बायकांचें शेतावर जाणें थांबवावयाचें आणि नंतर विधवांचा पाट. पत पुरुषांची वाढे. तिची किंमत विधवा देई.

या खुणेवर सरकारी शिक्काही बसला. १९०१ सालच्या खानेसुमारींत रिस्ले साहेबांनीं जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा उद्योग केला. तींत विधवाविवाहाची चाल ही एक कसोटी होती. याच रिस्ले साहेबांनीं नाकांची मोजमापें घेऊन जाति म्हणजे वंश असा सिद्धान्त मांडला होता. तो सिद्धान्त शास्त्रानें पुढें टाकून दिला. पण नाकाची रुंदी आणि विधवेचा पाट या दोन गोष्टी एकाच माणसाच्या हातून श्रेष्ठकनिष्ठतेच्या कसोट्या ठरल्या, हा योगायोग बोलका आहे. वंशाचा, जातीचा आणि कुळाचा अभिमान, यांना आपल्या शुद्धतेचा पुरावा म्हणून शेवटीं स्त्रीचें शरीरच लागतें.

हें आपल्याकडेच घडलें असें नाहीं. अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीवर पांच काळ्या स्त्रियांनीं फिर्याद केली होती. कंपनीनें १९६४ पूर्वीं काळ्या स्त्रिया जवळजवळ घेतल्याच नव्हत्या. पुढें मंदी येतांच शेवटीं आलेल्यांना प्रथम काढण्याच्या नियमानें त्या सर्व गेल्या. १९७६ सालीं न्यायालयानें म्हटलें कीं, कंपनी स्त्रियांना नोकरी देते, तेव्हां स्त्रियांची तक्रार चालत नाहीं. आणि वर्ण व स्त्रीत्व यांची एकत्र फिर्याद ऐकतां येत नाहीं. पण नोकरींत असलेल्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि काळे नोकर पुरुष होते! किंबर्ली क्रेनशॉ या कायदेपंडितेनें १९८९ सालीं या न्यायाचें वैगुण्य चौकाच्या दृष्टान्तानें दाखविलें: चौकांत अपघात झाला तर गाडी कोणत्याही रस्त्यानें आलेली असूं शकते, कधीं सर्व रस्त्यांनीं. विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यांतील विधवा अशाच चौकांत उभी होती.

१९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्यानें विधवेला तिच्या वांट्याची पूर्ण मालकी दिली, आणि वारसा एकदां हातीं आल्यावर पुनर्विवाहानें तो जाईनासा झाला. १८५६ चा जुना कायदा १९८३ सालीं रद्द झाला. येथें प्रकरण संपलें असें वाटेल. परंतु याच १९५६ च्या कायद्याचें दुसरें कलम म्हणतें कीं, केंद्र सरकारनें तशी अधिसूचना काढल्याखेरीज तो अनुसूचित जमातींना लागू नाहीं. म्हणजे साक्री-शिरपूर तालुक्यांतील आणि १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यांतील भिल्ल, पावरा, कोकणा स्त्रियांना त्या कायद्याचा आधार नाहीं. जमातींच्या रूढींना संरक्षण देणें हा त्यामागील हेतु, आणि तो अनुदार नाहीं. २००६ च्या वनहक्क कायद्यानें पतिपत्नींच्या जोडनांवानें पट्टे देण्याचीही सोय केली आहे. तरी वडिलांच्या शेतांत मुलीचा वांटा रूढीवर अवलंबून राहतो तो राहतोच. सुप्रीम कोर्टानें २०२२ सालीं या अपवादाचा फेरविचार करण्याची सूचना सरकारला केली होती. भिल्ल स्त्रीच्या पुनर्विवाहाला कोणी नाक मुरडीत नाहीं म्हणून ती स्वतंत्र आहे असें आपण कौतुकानें म्हणतों. कुणब्याच्या विधवेविषयींही एके काळीं असेंच म्हणत असत.

यावरून सुधारणा करूं नये असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. विद्यासागर नसते तर पुष्कळ घरांतील अंधार तसाच राहिला असता. निष्कर्ष एवढाच कीं, कायदा करणाऱ्यानें आपल्या डोळ्यांपुढें कोण उभी आहे हें तपासून पाहावें. आपल्याच आळींतली, आपल्याच भाषेंत बोलणारी स्त्री प्रथम दिसणें स्वाभाविक आहे. परंतु तिच्या मापानें शिवलेला अंगरखा दुसरीला फांस होऊं शकतो. म्हणून प्रत्येक नव्या हक्काबरोबर हा प्रश्न विचारला पाहिजे: ज्या स्त्रीला हा हक्क आधींच होता, तिच्याकडून आपण कांहीं काढून घेत तर नाहीं ना?